गृहीतकातून मास्तर खोडला

"उभी राहा," सर म्हणले. उभी राहिले. एम.ए. मानसशास्त्राचा अख्खा वर्ग माझ्याकडं बघायलता. "गृहीतक कसं मांडायचं ते बघा. ऊसतोड मजुरांच्या मुलांची बुद्धिमत्ता कमी असते. आणि हा नमुना. हिला अजून साधं उद्दिष्ट लिहिता येत नाही. सिद्ध व्हायला वेळ लागेल का?"

वर्ग खदाखदा हसला. माझे कान तापले. नमुना म्हणं!

मी ताडकळसकडच्या खेड्यातली. मायबाप ऊस तोडायला जायचे, त्यांच्या मागं मी. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत आलं की मास्तर आमाला चपलांपाशी बसवायचा. "तुम्ही पाहुणे. दिवाळी झाली की परत जाणार. तुम्हाला शिकवून काय उपयोग?" कधी प्रश्न विचारला न्हाई. हात वर केला तर म्हणायचा, "खाली घे." पाढे यायचे मला, बरं का. मुखपाठ.

म्हणून प्रबंधाच्या आराखड्यात मी सरळ लिहिलं. मास्तर लेकराशी कसा वागतो, हे स्वाश्रयी चल. म्हंजे कारण. लेकराला गुण किती पडतेत, हे आश्रयी चल. म्हंजे परिणाम. कारण बदललं तर परिणाम बदलतो का, ते बघायचं. एवढंच माझं उद्दिष्ट.

वर्ग सुटल्यावर सरांनी मास्तर खोडला. त्या जागी लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर'.

"शिक्षक हा चल नसतो," म्हणले. "आणि बुद्धिमत्तेच्या चाचणीला मुलं तुझ्याच गावची आण. तुझं ऐकतील."

तवा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यांना विद्यार्थिनी नकोच व्हती. मजुरांच्या टोळ्या गोळा करतो तसला मुकादम पायजे व्हता. अंगाची आग झाली माझ्या.

"न्हाई आणणार, सर. हे गृहीतक माझं न्हाई."

"मग दुसरा मार्गदर्शक बघ."

दुसरा कोण मिळतोय? सगळे एकाच माळेचे मणी. प्रबंध गेला, एम.ए. गेलं. माय फोनवर रडली. "बाई, लिव्ह की ते म्हणतेत तसं. आपल्याला कोण इचारतंय?" तिला काय सांगू? लय खचले. अजून बी खचलेलीच हाय. सरांनी झरी गावची दुसरी पोरगी धरलीय. पुढल्या महिन्यात ती चाचणी घेऊन माझ्याच गावात येणार.

येऊ द्या. तिच्या आदी मी घरोघरी जाणार. त्या सरांना बी निरोप धाडलाय: आदी शिकवा, मग मोजा. तवर आमचं एक बी लेकरू तुमच्या चाचणीला बसणार न्हाई.