भिंगरीमामाचं दार

आमच्या मामाला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. त्याला बसून जेवताना मी कधी पाहिलेलं नाही. ताट हातात आणि पाय दारात. उभा जन्म त्यानं थंड मालाचा ट्रक चालवला. आइस्क्रीम असो, फुलं असोत, मंत्र एकच : दार उघडलं की गारवा पळाला!

निवृत्त झाल्यावर त्यानं जुनी व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून तिचा कॅम्पर केला. फटीफटींत रबर ठासलं. मागच्या दाराला अशी कडक स्प्रिंग लावली की सोडलं रे सोडलं, धाडकन बंद. एसी मात्र नाही. "लागतोय कशाला? गारवा बाहेर जाऊच द्यायचा नाही!"

मग मामीला म्हणाला, "चल, जग दाखवतो." भांडणं सोडवायला मला सोबत घेतलं.

त्या दुपारी रस्ता नुसता भाजत होता.

"अहो, खिडकी उघडा."

"हात लावू नकोस! सकाळचा गारवा आत धरून ठेवलाय मी."

"कुठं धरलाय? दाखवा तरी."

"तू हलू नकोस. हललं की उकडतं."

"कोण सांगतंय बघ!" मामी माझ्याकडे वळली.

एका बस थांब्यासमोर तिनं गाडी थांबवायला लावली आणि पलंगाखालची पिशवी ओढली. "ती समोर आपल्या गावाची बस उभी आहे. ती सुटायच्या आत हे खोकं गार करा, नाहीतर मी चालले. जन्मभर घरी बसून तुमची वाट पाहिली, आणखी पाहीन. तिथं निदान पंखा आहे."

मामाचा चेहरा उतरला. पण पाय थांबतील तर शपथ! त्यानं गाडी झाडाखाली घेतली, काचेवर घोंगडी टाकली, टपावर बादल्या ओतल्या. दर खेपेला आत येऊन भिंतीवरचा तापमानाचा काटा बघायचा. दर खेपेला दार धाडकन.

"चढतोच कसा? ऊन शिरतंय कुठून?"

"अहो, मी काय आइस्क्रीम आहे?" मामी कडाडली. "मी श्वास घेते! ही पोरगी घेते! सकाळी याच खोक्यात स्वयंपाक केलाय मी! ती धग जाणार कुठून?"

मामानं काट्याकडे बघितलं, मामीच्या घामेजल्या मानेकडे बघितलं. मग पुटपुटत छतावरची खिडकी उघडली, पुढच्या काचा खाली घेतल्या, ओली चादर पिळून मागच्या दारात टांगली. दार उघडून दगड लावला. स्प्रिंगनं दगड ढकलला. दोरी बांधली, ती तुटली.

समोर बसनं हॉर्न दिला. मामी पिशवी घेऊन उठली.

मामा पायरीवर धपकन बसला आणि दाराला पाठ लावली. दार थांबलं. ओली चादर फुगली, मामीच्या कपाळावरचे केस हलले. तिनं डोळे मिटले. बस धूळ उडवत निघून गेली.

"उठू नका हं," असं म्हणत ती पलंगावर आडवी झाली.

थोड्या वेळानं तिचं घोरणं ऐकू आलं. मामाचा पाय शिवणयंत्रासारखा हलत होता.

"अगं, टायर बघून ये जरा."

"आहेत, मामा."

"चारही?"

"चारही."

बोटं पायरीवर वाजू लागली. "ही स्प्रिंग काढूनच टाकतो. पाना दे."

"त्यासाठी उठावं लागेल."

त्यानं आत मामीकडे पाहिलं, मग दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"राहू दे," तो कुजबुजला. "उठली की काढू."