वापरात नसलेला व्हरांडा

यवतमाळात कापूस कंपनीच्या कुण्या गोऱ्या साहेबाने बांधलेला एक बंगला आहे. दोन फूट जाडीच्या भिंती, छताजवळ दोरीने उघडायचे झरोके, वर कवेलूंचं उतरतं छप्पर आणि तीन बाजूंनी सागवानी खांबांचा रुंद व्हरांडा. त्या साहेबाला आमच्याबद्दल प्रेम असायचं कारण नव्हतं, पण आमच्या उन्हाची त्याला धास्ती होती. पुढे तिथे सरकारी कचेरी आली. आताच्या साहेबांना उन्हाची धास्ती नाही, त्यांना एसी आहे.

मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. कचेरीला दोन केबिन वाढवून हव्या होत्या, म्हणून बंगल्याचं मोजमाप घ्यायला मला पाठवलं. "रविवारी जा, लोकांची कटकट नसते," आमचे इंजिनिअर म्हणाले. मी शहाण्यासारखा रविवारी गेलो. बाकांवर कोणी नाही, पाण्याचा रांजण पालथा. टेप धरली, नकाशा काढला आणि व्हरांड्यावर सुबक अक्षरात लिहिलं, 'वापरात नाही'. एरवी तिथे आर्णीपासून मारेगावपर्यंतची माणसं डबे उघडून बसलेली असतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण मोजणीच्या वेळी दिसेल तेच लिहायचं, अशी आमची शिस्त. त्या शिस्तीचा मला आजही संताप येतो, आणि ती पाळणाऱ्याचा जास्त.

त्या दोन शब्दांच्या आधारावर व्हरांडा विटांनी बुजवून केबिन काढल्या. झरोके पीओपीच्या छतामागे गेले. लोकांसाठी एक खिडकी ठेवली, तीही बाहेर अंगणात उघडणारी.

पुढच्या मे महिन्यात बाबा शेताच्या फेरफारासाठी गावाहून त्याच कचेरीत आले. मी करून आणतो म्हटलं, तर म्हणाले, "तुह्या वळखीनं नाही पायजे. लाइनीत उभा राहीन." जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना पाहायला गेलो. रांग उन्हात होती. पायांत गोळे आले म्हणून बाबा साहेबांच्या गाडीच्या सावलीत उकिडवे बसले होते. मी पोचलो तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी काढली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढला आणि ते तसेच बसून राहिले.

"इथं व्हरांडा व्हता ना रे?" ते म्हणाले. "तू लहान असतानी दाखल्यासाठी आलतो आपन. दिवसभर बसलो व्हतो. तुले माह्या मांडीवर झोप लागली व्हती."

"हो, बाबा."

"कोन्या येड्यानं बुजवला?"

"काय माहीत," मी म्हणालो.

"तू तं त्याच खात्यात हायेस. जरा विचारून तं पाह्य."

"विचारतो."

फेरफार होऊन गेला. गावाकडून फोन आला की बाबा अजून आठवण करून देतात. मी अजून 'विचारतो' म्हणतो.