रानावरचं पाणी

आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. बालाघाटाच्या डोंगरांमधल्या त्या तलावावर आता फिरायला कयाक मिळते. हिवाळ्यात पाणी नितळ असतं. काठाजवळ तळाचे दगड दिसतात. गेल्या सुट्टीत आई म्हणाली, "मला एकदा त्या होडीतून आपल्या रानावर ने."

का, ते मला माहीत होतं. माझ्या आधीची मुलगी महिन्याची होऊन गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिला आमच्या रानात, चिंचेच्या बुडाशी ठेवलं होतं. पाणी चढल्यावर आईला तिथं कधी जाता आलं नाही.

लाइफ जॅकेट बांधता बांधता होडीवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही नुसत्या बसा. लेकीला वल्हवू द्या."

"जन्मात बसायला मिळालं न्हाय बाबा. आज बसते की."

पाण्यावर मात्र ती मला सरळ जाऊ देईना. "देवळावरून नको. कुणाच्या चुलीवरून नको. गल्लीनं चल." खाली फक्त हिरवट अंधार होता. ती डोंगरातली खिंड बघून वळणं सांगायची आणि मी वळायचे. अर्धा तास आम्ही नसलेल्या गल्ल्यांतून हिंडलो.

शेवटी चिंचेचा वाळका शेंडा पाण्याबाहेर दिसला. आईनं पिशवीतून दुधाची बाटली काढली, बुडाच्या अंदाजानं ओतली. दूध खाली गेलं नाही. होडीभोवती पसरत राहिलं.

"बाय," ती हळूच म्हणाली, "आपण तिच्या अंगावर तर न्हाय ना बसलो?"

मी होडी बाजूला घेतली. "इथं ठीक आहे?"

"ठाव न्हाय."

चिंचेच्या उगवतीला पुरलं होतं की मावळतीला, ते तिला आठवेना. मी पुन्हा सरकले. पुन्हा तिनं मान हलवली.

नव्या गावठाणात शाळा मिळाली म्हणून मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. जुन्या गावात चौथीच्या पुढं वर्गच नव्हता. या पाण्याचे उपकार मी कायम मानले, अजूनही मानते. पण त्या दुपारी वल्हं पाण्यात घालायला माझा हात धजेना. मी ते मांडीवर आडवं धरून बसले. वारा नेईल तिकडं होडी जात होती. आईनं दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले होते.