उजवी नळी

आमचं शेत आंजीच्या वाटेवर होतं, धाम नदीपासून चालत वीस मिनिटं. एकूण अकरा एकर. त्यातलं अडीच एकर बाबा पावसाळाभर रिकामं ठेवायचे. त्यात फक्त वखर फिरायचा आणि पाऊस मुरायचा. आश्विनात पाऊस गेला की त्या साठलेल्या ओलीवर बन्सी गहू पेरायचा. पुढे त्याला पाणी नाही. विहीर होती, पण ती माणसांना आणि गुरांना पुरेल एवढीच. म्हणून गव्हाची पेरणी एकदाच व्हायची. ओल वरून दोन बोटांवर असताना बी पडलं तर उगवतं. चार बोटं खाली गेली तर तो गहू वर येत नाही, आणि वर्षभराची पोळी गेली. आमच्या घरी रोजची भाकर ज्वारीची असायची. पोळी सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं त्या वर्षाची ही गोष्ट. मी वर्ध्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. ते दिवस आठवले की मला आधी प्रकाश आठवतो. पावसाळ्यात धुऊन निघालेली हवा, त्यात ऊन इतकं स्वच्छ पडायचं की लांबच्या बाभळीचं पान न् पान वेगळं दिसायचं. सकाळी नदीच्या बाजूनं धुकं यायचं आणि ज्वारीच्या कणसांच्या खालीच थांबायचं, म्हणजे नुसती कणसं पाण्यावर तरंगताहेत असं वाटायचं. तुरीला पिवळी फुलं. कपाशीची पहिली बोंडं फुटलेली, अजून वेचण्याइतकी नाहीत. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात कोळ्यांची जाळी दवानं भरलेली असायची. एकदा मी धुऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती मोजली होती. एकशे त्र्याहत्तर. मोजायची सवय मला तेव्हापासूनच आहे. पायऱ्या, पोळ्या, बसच्या खिडक्या, काहीही.

आमच्या घरी तिफणीवर बी सोडायचं काम वहिनीचं. दादा बैल हाकायचा, वहिनी मागून चालायची. तिफणीवर लाकडाची वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्याच्या बुडाला तीन भोकं, प्रत्येक भोकातून बांबूची एक नळी खाली फणापर्यंत गेलेली. पेरणारीनं मुठीतून बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं जावं. ऐकायला सोपं वाटतं. पण मूठ कुठे सैल झाली, कुठे आवळली, ते आठव्या दिवशी उगवून येतं आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण वाचतो. वहिनीच्या हाताला आंजीपर्यंत नाव होतं. त्या वर्षी मात्र ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कारंज्याला गेली होती. मायच्या खांद्यात कळ होती. उरले मी.

“हिले जमन का?” मायनं विचारलं.

“कॉलेजात जाते,” बाबा म्हणाले. “मूठ उघडता तं येत असन.”

धनतेरसच्या चार दिवस आधी आम्ही पेरणी केली. पहिल्या दहा फेऱ्या माझा जीव मुठीतच होता. मग पायांना चाल सापडली. पुढे बैलांची पाठ हलतेय, फणांतून काळी माती उघडतेय आणि मागे मिटतेय, तिचा ओला, थोडा गोडसर वास. मी मुठी मोजत होते. शेत तीनशे फूट लांब. एका फेरीला चौदा मुठी लागत होत्या. चौदा, वळण, चौदा, वळण. थोड्या वेळानं मी चालते आहे हेही मला कळेनासं झालं. आकडे आपोआप येत होते, पावलं आपोआप पडत होती, आणि मी कुठेतरी वर, त्या स्वच्छ उजेडात होते. आयुष्यात इतकं शांत मला फार थोड्या वेळा वाटलं आहे.

दुपारपर्यंत ऐंशी फेऱ्या झाल्या. आम्ही तिफण तिथेच ओलात टेकवली आणि बाभळीखाली भाकर खाल्ली. खाऊन उठलो, दादानं बैल जुंपले, आणि पुढच्या फेरीला मुठी लागल्या अकरा. त्याच्या पुढच्या फेरीलाही अकरा. मला आनंद झाला. पोटात अन्न गेल्यावर हात स्थिर झाला, आता बी वाया जात नाही, असं मी मनाशी ठरवलं. शेवटच्या चाळीस फेऱ्या मी अकरा मुठींनी पेरल्या. संध्याकाळी वरून फळी फिरली आणि सगळं शेत एकसारखं सपाट झालं.

घरी एक टोपलं शिगोशीग बी उरलं.

“पोरीचा हात धरता हाये,” बाबा म्हणाले. धरता, म्हणजे बी जपून सोडणारा. बाबांच्या तोंडून असं वाक्य वर्षातून एखादं निघायचं. त्याच संध्याकाळी देवळाच्या पारावर त्यांनी ते आणखी चार जणांना सांगितलं.

दिवेलागणीला मी वहीच्या मागच्या पानावर दिवसाचे आकडे मांडले, हौस म्हणून. ऐंशी फेऱ्या चौदा. चाळीस फेऱ्या अकरा. आणि मांडल्यावर मला ते दिसलं. हात स्थिर होतो तो हळूहळू: चौदा, साडेतेरा, तेरा. एका फेरीत चौदाचे अकरा होत नाहीत.

सकाळी दादा कारंज्याच्या बसला गेल्यावर मी गोठ्यात गेले. तिफण भिंतीला उभी होती. डावी नळी मोकळी. मधली मोकळी. उजव्या नळीच्या तोंडाशी मातीचा गोळा बसून विटेसारखा कडक झाला होता. तो मी खिळ्यानं फोडला तेव्हा आतून गहू माझ्या पदरात सांडला, नळीभर. दुपारी तिफण ओलात टेकवली तेव्हा माती वर चढली होती. नळी भरल्यावर त्या भोकातून बी जायचं थांबलं, आणि उरलेलं सगळं दोन नळ्यांतून गेलं. उठल्यावर नळ्या पाहणं पेरणारीचं काम. वहिनीला तर पाहावंही लागत नसे. बी तिन्ही नळ्यांतून खाली जाताना सळसळतं, त्यातली एक गप्प झाली की तिला कळायचं. मी आकड्यांत होते. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

चाळीस ओळींत एक दाणा नव्हता. हे मला पेरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माहीत होतं, आणि ओल तेव्हा हाताशी होती. त्याच दिवशी सांगितलं असतं तर कदाचित त्या ओळी पुन्हा गव्हानं भरता आल्या असत्या. मी पदरातले दाणे अंगणात चिमण्यांना टाकले आणि मायला सारवायला मदत करायला गेले.

ते दोन दिवस विचित्र सुंदर होते, हे मी लपवणार नाही. घर सारवलेलं, अंगणात शेणाचा सडा, माय कढईत चकल्या सोडतेय. दुपारी ऊन तुळशीपाशी यायचं आणि तिथेच झोपायचं. मी आकाशकंदिलाला कागद चिकटवत बसायचे आणि मनातल्या मनात शेतात असायचे. ओल एक बोट खाली गेली असेल. आता दीड. मला ती दिसायची, शेताखाली उतरत चाललेली, कोणीतरी हळूहळू चादर ओढून घ्यावी तशी.

पेरणीचा दिवस धरून चौथ्या दिवशी बाबांचे चुलतभाऊ आले. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. त्यांच्या खांद्यावर रिकामं पोतं होतं.

“बी उरलं म्हणतात तुमचं,” ते ओट्यावर बसत म्हणाले. “मले नाल्याकडच्या तुकड्याले कमी पडून राह्यलं. तुमची लेक लय काटकसरीची निंगाली बाप्पा. आमची बायको पेरते तं शेजाऱ्याच्या वावरातही उगवते.”

“ने ना,” बाबा म्हणाले. “आन वं पोरी ते टोपलं.”

मी टोपलं आणलं. पण खाली ठेवेना.

“बाबा, देऊ नोका.”

“काऊन?”

“आपल्याले लागन. चाळीस ओळी रिकाम्या हायेत.”

काकाजी हसले. “आतापासून दिसते का तुले? जमिनीत दिवा लावला का?”

“नळी तुंबली होती,” मी म्हणाले. “उजवी. जेवणानंतर. म्या गोठ्यात पाह्यलं.”

बाबांनी विचारलं, “कवा पाह्यलं?”

“परवा सकाळी.”

माय चुलीपासून उठून दारात आली. बाबा पायात चप्पल घालून शेताकडे निघाले. मी मागे, आणि तमाशा चुकवायचा नाही म्हणून काकाजीही मागे.

शेतात जेवणानंतर पेरलेल्या भागाच्या कडेला बाबा गुडघ्यावर बसले आणि बोटांनी माती उकरायला लागले. पहिल्या ओळीत गहू होता. फुगलेला, टोकाला पांढरं मूळ फुटलेलं, तांदळाच्या कणीएवढं. दुसऱ्या ओळीत होता. तिसऱ्या ओळीत माती. चौथ्या ओळीत माती. त्यापुढे चार ओळी भरलेल्या, मग पुन्हा दोन रिकाम्या. जाताना उजवीकडची ओळ सुटायची आणि परत येताना तिच्याच शेजारची, म्हणून रिकाम्या ओळी जोडीनं आल्या होत्या. एकूण वीस पट्टे.

“बरोबर मोजलं हिनं,” काकाजी म्हणाले. “चुकली, पन हिसोबानं चुकली.”

बाबांनी बोट मातीत खुपसलं आणि ओल पाहिली. बोट जवळजवळ पूर्ण आत गेलं तेव्हा ती लागली.

“तीन दिस काऊन नाई सांगतलं?”

मी धरता हात ऐकून खूश झाले होते, हे तोंडानं कसं सांगणार?

“गहू आता नाई येत इथं,” बाबा उठत म्हणाले. “बैल घालता येत नाई, बाजूचं मोड आलेलं तुटन.” मग काकाजींकडे वळून, “तुह्याकडं हरभरा हाये का बियाचा?”

“हाये.”

“तं गहू तू ने. हरभरा मले दे. हरभऱ्याचं मूळ खोल जाते, ओल धरन.”

असा सौदा झाला. टोपलं त्यांचं, हरभरा आमचा. पोतं खांद्यावर टाकताना काकाजी मला म्हणाले, “आता हरभरा मोजून टाकजो वं. नाई तं पुढच्या साली मले वाटाणा आना लागन.”

हरभरा रात्रभर भिजवला आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं तो हातानं टोबायला लागलो. पट्ट्याच्या मधोमध एक ओळ. बाबा पुढे टोकदार काठीनं वितीवितीवर खोल छिद्र पाडत, माय आणि मी मागून वाकून प्रत्येकात दोन दाणे टाकत, अंगठ्यानं माती दाबत. एका ओळीत चारशे छिद्रं. वीस ओळी, आठ हजार. बाबा त्या तीन दिवसांत मला कामाव्यतिरिक्त काही बोलले नाहीत. रागही केला नाही. माय मध्येच खांदा धरून उभी राहायची, मी म्हणायचे, माय तू बस, ती म्हणायची, “तू तुह्यं पाह्य,” आणि पुन्हा वाकायची. ते ऐकून मला जास्त लागायचं.

गावात फटाके वाजत होते. आमच्याकडे फक्त माती, आणि वरून चाललेले पोपटांचे थवे. दुपारनंतर डोळ्यांसमोर छिद्रंच दिसायची. डोळे मिटले तरी काळ्या जमिनीवर काळी छिद्रं, एकामागे एक, क्षितिजापर्यंत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार वाजता शेवटचं छिद्र बुजवलं. उठताना मी तिरप्या उन्हात पाहिलं तर शेतावर पोपटी रंगाचा एक श्वास आल्यासारखा दिसला. जवळ गेले की दिसेना, लांब गेले की दिसायचा. गहू वर येत होता. चार ओळी, मग काळा पट्टा.

बाबाही पाहत होते. “धुऊन घे हात,” ते म्हणाले. “पूजेले उशीर होते.”

हरभरा नवव्या दिवशी उगवला. आठ हजारांतली किती छिद्रं वाया गेली ते मी मोजलं: सुमारे अकराशे. तोपर्यंत दादाच्या मुलीच्या जन्माची बातमी आली होती.

त्या वर्षी गहू साडेचार पोती झाला. आदल्या वर्षी सहा झाला होता. हरभरा सव्वा पोतं. हरभऱ्यानं गव्हाची भरपाई केली असं मी म्हणणार नाही, केली नाही. गहू जेठात संपला. नागपंचमीला मायनं ज्वारीच्या पिठात शेजारून आणलेला वाटीभर गहू मिसळून केलं ते खाल्लं. कोणी मला टोमणा मारला नाही. दादानं एकदाच विचारलं, “तिफण म्या टेकवली होती ना?” मी म्हणाले, हो, पण पाहायचं मी होतं. तो म्हणाला, “दोघांचंही होतं,” आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी पेरणीला बाबांनी चाडं तिफणीवर बांधलं आणि बियाचं टोपलं वहिनीकडे दिलं. मला वाईट वाटलं. हलकंही वाटलं. मला त्यांनी फणांच्या मागे चालायला लावलं, नळ्यांवर नजर ठेवायला. नळी बंद वाटली की हाक मारायची, दादानं बैल थांबवायचे. पहिल्या तासातच मी पाच वेळा थांबवलं. त्यातल्या दोन वेळा माती निघाली.

सहाव्या वेळी दादानं कासरा ओढला आणि मागे वळून पाहिलं. धुक्याचा शेवटचा पदर अजून तुरीवर होता. वहिनीनं चाड्यात चिमूटभर बी सोडलं आणि वाकून तिन्ही नळ्यांना कान लावला.

“काही नाई,” ती म्हणाली. “मोकळ्या हायेत.”

“पक्कं?” मी विचारलं.

“अवं, पक्कं.”

“या हिसोबानं चंपाषष्ठीले पेरणी होते आपली,” दादा म्हणाला.

“एकदा खालूनही पाह्य ना,” मी म्हणाले.

वहिनी हसत गुडघ्यावर बसली आणि तिनं उजव्या फणाखाली बोट घातलं.