चहा कोणी केला?

मुलाचा ताबा आईकडे द्यायचा की बापाकडे, हे ठरवताना मुलाची बाजू मांडायला कोर्ट कधी कधी वेगळा वकील नेमतं. तो वकील मुलाला खरंच भेटला का, कसा भेटला, हे त्याला कोण विचारतं?

महाडच्या नसीम आपा स्वतःच विचारायला लावत. कोर्टाने त्यांना एखाद्या मुलासाठी नेमलं, की नुसता अहवाल देऊन त्या खाली बसत नसत. पदराने चष्मा पुसत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जात आणि दोन्हीकडच्या वकिलांना म्हणत, "तपासा मला." वकील अवघडत. कोर्टाने नेमलेल्या माणसाला उलट प्रश्न करायचा नाही, हा तिथला शिष्टाचार. आपा म्हणत, "कोर्टाने नेमलं म्हणजे खुदाने नेमलं असं नाय."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांच्या हाताखाली वकिली शिकत होतो. त्याआधी चळवळीची पत्रकं लिहून लिहून माझं पक्कं मत झालं होतं, की अन्याय वाईट माणसंच करतात. ते मत सायलीच्या केसमध्ये मोडलं.

सायली नऊ वर्षांची. बाप कारखान्यात कामाला, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. घर त्याची बहीण सांभाळायची. आई आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी माहेरी. आम्ही बिरवाडीला गेलो. पोहे झाले, चहा झाला. आपांनी विचारल्यावर सायली म्हणाली, "हितंच बरं हाय." आपांनी अहवाल दिला: मुलगी बापाकडे राहावी.

आपा पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आईचे वकील वयस्कर, थट्टेखोर. "आपा, तुम्हाला काय विचारू? बरं, चहा कोणी केला?"

कोर्ट हसलं. आपाही हसल्या. "मुलीच्या आत्याने."

"मग ती स्टोव्हपाशी असेल."

"नाय. चहा दिला आणि येऊन बसली."

"कुठं?"

आपांनी चष्मा काढला. मग हळू म्हणाल्या, "मुलीला खेटून."

आपल्याकडे पाहुण्याला एकटं सोडत नाहीत. घरचं कुणी जवळ बसलं नाही तर तो पाहुण्याचा अपमान. त्यामुळे आत्याच्या बसण्यात आम्हा दोघांनाही काही खटकलं नव्हतं. आपा न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, हा अहवाल धरू नका. मला परत जाऊ द्या."

वकिलांच्या खोलीत एकाने टोमणा मारला, "आपा, स्वतःचीच केस पाडलीत."

"माझी कुठं होती? पोरीची होती."

दुसऱ्यांदा त्या सायलीला शाळेत भेटल्या. बाईंनी वर्ग रिकामा करून दिला. मलाही आपांनी बाहेर उभं केलं. नव्या अहवालात सायलीचे शब्द जसेच्या तसे होते: "मला आईकडं जायचंय. पण आत्या म्हणते, असं बोलशील तर बाबा जेवायचा नाय."

सायली आईकडे गेली. बाप दर रविवारी एसटीने तिला भेटायला जाई. तो वाईट नव्हता. आत्याही नव्हती; भावाची पोर जाईल म्हणून ती घाबरली होती, एवढंच.

आपा आता नाहीत. कोर्टात असे अहवाल मात्र येत राहतात, आणि पिंजऱ्यात कोणी उभं राहत नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरी असा वकील आला तर त्याला चहा द्या, आणि मुलाला त्याच्याजवळ सोडून बाहेर जा. तो अहवाल देईल तेव्हा तुमच्या वकिलाला उभं करा आणि विचारायला लावा: मूल बोलत होतं, तेव्हा जवळ कोण बसलं होतं?