अक्काच्या घरचा रोट

अक्काच्या घरी आम्ही वर्षभर जेवायचो. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. ताट रिकामं दिसलं की ती वाढणार, नको म्हणायची सोय नव्हती. पण श्रावणात घरात कानबाई देवी बसली आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचा खमंग वास ओसरीपर्यंत आला, की हीच बाई आम्हाला खुशाल पिठलं-भाकरी वाढायची. "रोट फकत भाऊबंदस्ना. तुम्ही ते पाखरंवाला!"

पाखरंवाले म्हणजे आम्ही धुळ्याची चार-सहा मास्तर-वकील मंडळी. विमानतळाची धावपट्टी वाढवायची ठरली होती आणि तिच्या वाटेत अक्काच्या गावाचं तळं येत होतं. हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदकं उतरत, म्हणून आम्ही पत्रकं काढली, उपोषणं केली. अक्का प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत, पण तोंडातून एक घोषणा काढेल तर शपथ. "वरडीसन इमान थांबस का, भाऊ?"

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका श्रावणात तळ्याकाठी मुरुमाचे ट्रक येऊन उभे राहिले. कानबाईला निरोप द्यायला गाव त्याच तळ्यावर जाई. मी म्हटलं, अक्का, मिरवणुकीत आपले फलक घेऊ. ती कडाडली, "मायना जोडे बोर्ड नही! तुम्हना पाखरं हिवायामा येतस, मनी माय श्रावणमा. पानी एकच शे, पन ज्यानं त्यानं आपला जागावर." एवढी गर्दी पुन्हा कुठून मिळणार होती? मी मनातून चिडलोच.

निरोपाच्या सोमवारी बायका गात निघाल्या. वाटेवर काटेरी तार, तारेपुढे पोलीस आणि त्यांच्या शेजारी पाण्याचा टँकर. पोलिसांचे साहेब म्हणाले, "बाई, यातलं पाणी घ्या आणि उरका. पाणी ते पाणीच." डफ थांबला. अक्काच्या डोक्यावर कानबाईचा चौरंग होता. ती म्हणाली, "माय तठे पोचाशिवाय खाले ठेवतस नही."

ऊन चढत गेलं. तिची मान थरथरू लागली तरी ती चौरंग कुणाकडे देईना. मागून कुणीतरी ओरडलं, "तोडा रे तार!" गर्दी पुढे सरकली, लाठ्या आडव्या झाल्या. अक्का मागे न बघता गरजली, "कोनीच हात उचलाना नही!" गर्दी जागच्या जागी थिजली. साहेबांनी तिच्या डोक्यावरच्या चौरंगाकडे पाहिलं आणि तार उचलायला सांगितली. "लवकर."

काठावर ती थांबली. "भाऊ, चौरंगले हात लाव. मनी मान गयी." गुडघाभर पाण्यात उतरून मी एक बाजू धरली. कानबाईला निरोप दिला तेव्हा अक्का रडत होती. मीही.

दसऱ्याच्या आत तळं बुजवलं. आम्ही हरलो.

पुढच्या श्रावणात कुठल्या तोंडाने जावं कळेना, पण तिने निरोप धाडला म्हणून गेलो. ताटात रोट होता.

"अक्का, मी कुठला भाऊबंद?"

"पानीमा उभा व्हता ना तू मनाजोडे? आते ते पानी बी नही ऱ्हायनं. भाऊबंद तेवढा ऱ्हायनात."

कानबाईचा रोट ताटात टाकायचा नसतो. शेवटचा तुकडा संपेपर्यंत अक्का समोर बसून राहिली.