दाजींनी कॉम्प्युटर उन्हात नेला

आमच्या दाजींना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, जगातली कुठलीच गोष्ट आहे त्या रंगात पटली नाही. अंबाजोगाईत त्यांचं कापडाचं दुकान. बाईनं साडी पसंत केली तरी हे तिला साडीसकट रस्त्यावर नेणार. "ट्यूबलाइटखाली खरा रंग कळत न्हाई, उन्हात बघा!" उन्हात बघून निम्म्या बाया साडी ठेवून जायच्या. अहो, माझ्या लग्नात नवरदेवाचा फेटा असाच तपासायला नेला, आणि मुहूर्ताला नवरदेव बोडकाच!

मग दाजींची लेक परदेशी गेली. जावयानं जाताना घरी विंडोजऐवजी लिनक्स घातलेला कॉम्प्युटर ठेवला. फोनची तार जोडली की लेकीचं पत्र त्यात उतरायचं. पांढरा पडदा दाजींच्या डोळ्यांना खुपला. त्यांनी सगळीकडं मागं गर्द जांभळा केला, अक्षरं पांढरी. बाकी सगळं झकास, पण पत्राच्या खिडकीनं जांभळा तेवढा घेतला आणि अक्षरं काळीच ठेवली. पत्र आलेलं, पण वाचता येईना! मागं पुन्हा पांढरा केला, तर बाकीची पांढरी अक्षरं गडप, पत्र उघडायचं कुठून तेच दिसेना. पिवळा केला, तरी तेच, वर कोपऱ्यातलं घड्याळही हरवलं. शेवटी पुन्हा जांभळाच. एकाच डब्यातला एकाचा रंग दुसऱ्याला का लागत नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटर क्लासवाला म्हणाला, "काका, आमी फक्त विंडोज शिकवतो."

आणि आधीच्या पत्रात लेकीनं लिहिलेलं, ताप उतरत नाही, दवाखान्यात जातेय. फोन लावावा तर कुणी उचलेना. अक्कानं जेवण सोडलं.

शेवटी दाजींनी पडदा तारांसकट, माऊससकट दारच्या ओट्यावर आणला, उन्हात! होता तो जांभळाही गेला.

"मेव्हणीबाई, काय दिसतंय?"

"तुमचं टक्कल."

"तुमाला हसायला लई येतंय!" म्हणत अक्का रडायलाच लागली. तिनं पडद्यावर पदराची सावली धरली. दाजी गांगरले, आणि कापडावरून हात फिरवावा तसा त्यांनी माऊसचं बटण दाबून धरून पडद्यावरचा बाण फिरवला. फिरेल तिथं पट्टी उजळली, पट्टीत अक्षरं वर आली. 'आई, ताप गेला. मेथीची भाजी खावीशी वाटतेय.'

अक्कानं घरात जाऊन आधी चूल पेटवली, कुणासाठी ते तिलाच ठाऊक.

दाजींनी पुढं रंगाला हात लावला नाही. प्रत्येक पत्र तसंच, हात फिरवत, एकेक ओळ. अक्का शेजारून म्हणायची, "सावकाश."

आता दाजी नाहीत. लेकीचे निरोप मोबाइलवर येतात, काळ्यावर पांढरे, लख्ख. अक्का तरी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवते. अगदी सावकाश.